मामांचा हात मांडीवर जाईपर्यंत

आमच्या टेबलावर पैशाने खेळायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम, सुट्टी कशासाठी हवी आहे हे कुणी सांगायचं नाही. तिसरा नियम कुणी कधी तोंडाने बोललंच नव्हतं, आणि मी मोडला तो तोच.

चाकणला आमची कंपनी तशी लहान. पत्र्याचे ब्रॅकेट दाबून काढायचे, तपासायचे आणि मोठ्या कारखान्याला पाठवायचे, एवढंच काम. मी तपासणीच्या टेबलावर. अठरा वर्षं झाली. रोज सकाळी रहाटणीच्या कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघते, पिंपळे सौदागरला बस भरते, आणि नाशिक फाट्यानंतर अर्धी बस पुन्हा झोपते. मला बसमध्ये झोप लागत नाही. माझ्या डोक्याला गप्प बसायची सवयच नाही, असं माझी आई म्हणायची.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघं पत्ते खेळायचो. प्रेस शॉपमधले मामा, स्टोअर सांभाळणारे भाऊ, फोर्कलिफ्ट चालवणारे भाई आणि मी. मामा माझे कुणी लागत नाहीत, सगळी कंपनीच त्यांना मामा म्हणते. खेळ तीन पत्तीचा, पण जरा आमच्या पद्धतीचा, आणि पैशाच्या जागी स्टोअरमधले भंगारात काढलेले वायसर, बोल्टखाली घालायच्या लोखंडी चकत्या. प्रत्येकाला दहा. डबा वाजवत भाऊ ते मोजून द्यायचे आणि सुट्टी संपली की मोजून परत घ्यायचे. एखादा कमी भरला तर आम्हा सगळ्यांना टेबलाखाली वाकायला लावायचे. भंगाराचा वायसर, पण त्यांच्या स्टोअरमधला ना!

मामांचा उजवा हात मी कंपनीत यायच्या आधीच प्रेसखाली गेला होता. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट उरलं. बाकी तीन बोटांच्या जागी गुळगुळीत कातडी. त्या चिमटीत एका वेळी दोनच वायसर बसायचे. चार टाकायचे असले की मामा आधी दोन ठेवायचे, हात मागे न्यायचे, आणखी दोन उचलायचे, तेही ठेवायचे आणि मग हात मांडीवर न्यायचे. डाव्या हातात पत्ते असायचे, आणि पत्ते खाली ठेवून डावा हात वापरावा असं त्यांच्या कधी मनातच आलं नाही. आमच्याही नाही. मामांचा हात मांडीवर गेला की त्यांचं टाकणं संपलं. तोवर थांबायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. नवीन आलेला माणूस चार दिवसांत आपोआप शिकायचा.

उलट मीच एकदा भाऊंना खडसावलं होतं. त्यांनी घाईत पत्ते उघडले तेव्हा मी म्हटलं होतं, "भाऊ, मामांचा हात अजून वर आहे. दिसत नाही का?" ते खजील होऊन पत्ते मिटायला लागले होते. हे मी मुद्दाम सांगते आहे. नंतर कुणी म्हणायला नको की बाईला माहीत नव्हतं.

दिवाळीत कंपनी बंद असते, पण आमचा माल घेणारा मोठा कारखाना बंद नसतो. त्यांची गाडी कधीही येते. ज्यांच्या सहीवर माल गेटबाहेर जातो अशी आम्ही चौघंच. म्हणून लक्ष्मीपूजनाला एकाने आणि भाऊबीजेला एकाने यायचं. लक्ष्मीपूजन भाई घ्यायचे, न विचारता. ईदला आम्ही त्यांचं काम वाटून घ्यायचो. भाऊबीज मात्र आमच्या तिघांत पडायची. साहेब म्हणायचे, "तुमचं तुम्ही ठरवा, मला एक नाव द्या." मग आम्ही ते पत्त्यांवर ठरवायचो. भाई वाटणार आणि निवाडा करणार. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा होईल तेव्हा ज्याच्यापुढे सगळ्यांत कमी वायसर, त्याची भाऊबीज कंपनीत.

कारण सांगायचं नाही, हा नियम त्यासाठीच होता. नाहीतर ज्याचं रडगाणं मोठं त्याला सुट्टी, असं झालं असतं. मला हा नियम फार आवडायचा. त्या वर्षी नाही आवडला.

त्या वर्षी माझ्याकडे कारण होतं. आई गेली त्या दिवसापासून माझा भाऊ माझ्याशी बोलत नव्हता. शेवटच्या दिवसांत मी आईपाशी नव्हते. इथे कंपनीत माल परत आला होता, तीन दिवस मी एकेक ब्रॅकेट पुन्हा तपासत होते, आणि उद्या निघते, उद्या निघते करता करता उशीर झाला. लातूरच्या पुढे आमचं गाव. पोचले तेव्हा स्मशानातून माणसं अंगणात परतत होती. भावाने माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेला. त्यानंतर सहा वर्षं ना फोन, ना राखी. दसऱ्याला अचानक त्याचा फोन आला. "भाऊबीजेला ये," म्हणाला. मी काही बोलणार तोच म्हणाला, "या वेळी पण सुट्टी मिळाली नाही म्हणशील, तर मग राहू दे कायमचं."

मी साहेबांकडे गेले असते तर त्यांनी मला सोडलं असतं कदाचित. पण मग मामा किंवा भाऊ यांच्यावर ती भाऊबीज माझ्या रडण्याने पडली असती. ते मला नको होतं. पत्त्यांवर मिळाली तर ताठ मानेने मिळाली असती. काय माज होता बघा!

त्या दुपारी मला पत्ते असे येत होते की मी कुणाचं तरी वाईट केलं असावं. भाऊ मात्र सुटले होते. ते मोबाईलवर पोकर खेळायचे, फुकटचे पॉइंट लावून, आणि त्यातलं शहाणपण आम्हाला शिकवायचे. त्यांच्यापुढे वायसरांचा ढीग झाला. मी आणि मामा खाली खाली येत गेलो. शेवटचा डाव वाटला तेव्हा भोंग्याला चार मिनिटं होती. तिघांनी एकेक वायसर मध्ये टाकला. आता माझ्यापुढे चार उरले, मामांपुढेही चार. भाऊंनी पत्ते बघितले आणि उपडे टाकून दिले. त्यांना काय, ते सुटलेच होते. वायसरांचा डबा उघडून बसले.

उरलो मी आणि मामा.

मी पत्ते बघितले. छक्क्यांची जोडी आणि एक राणी. जोडी म्हणजे अगदीच काही नाही असं नाही, पण छक्क्यांच्या जोडीवर कुणी छाती काढत नाही. मी दोन वायसर टाकले. माझ्यापुढे दोन राहिले.

आता मामांना तीन वाटा होत्या. पत्ते टाकून द्यायचे. नाहीतर माझ्याएवढेच दोन टाकायचे, म्हणजे दोघांनी पत्ते उघडायचे. नाहीतर चारही टाकून पैज वाढवायची. तसं झालं तर मला माझे उरलेले दोन घालून थांबावं लागणार होतं, किंवा पत्ते टाकून उठावं लागणार होतं. उठले तर माझ्यापुढे दोन, मामांपुढे सगळं, आणि भाऊबीज माझी.

मी मनात ठरवून टाकलं होतं. मामांनी चार टाकले तर उठायचं. कारण इतक्या वर्षांत मामांनी हातात काही नसताना पैज वाढवलेली मी बघितली नव्हती. ते खोटं खेळतच नसत. खोटं खेळायला लागणारा चेहराच त्यांच्याकडे नव्हता.

मामा बराच वेळ पत्त्यांकडे बघत राहिले. भाई घड्याळाकडे बघत होते. मग मामांची चिमटी आली, दोन वायसर ठेवले, आणि हात मागे गेला.

मांडीकडे गेला नाही. वायसरांकडे गेला.

हे मला दिसलं. आजवर मी स्वतःला बऱ्याच परींनी समजावलं, की घाई होती, भोंगा होणार होता, माझं लक्ष नव्हतं. काही नाही. मला तो हात उरलेल्या दोन वायसरांवर उतरताना दिसला, आणि मी पत्ते उघडून टेबलावर टाकले. "जोडी," म्हटलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

मामांची चिमटी तिथेच थांबली. दोन वायसर धरलेली.

"पोरी," मामा म्हणाले, "माझं व्हायचं व्हतं आजून."

बाजूच्या टेबलावर कुणीतरी ताट आपटलं. भाऊ सगळ्यांत आधी सावरले. "हे बघा, पोकरमध्ये याला स्पष्ट नियम आहे. वाढवायचं असेल तर आधी तोंडाने सांगायचं, नाहीतर सगळं एका दमात ठेवायचं. दोन ठेवले, हात मागे घेतला, विषय संपला. दोन म्हणजे दोन."

"माझ्या हातात एका दमात बसत न्हाईत," मामा म्हणाले. "त्याला मी काय करू?"

भाऊ लाल झाले. "तसं नाही म्हणायचं मला, मामा."

"मग कसं?"

भाई मध्ये पडले. "थांबा, थांबा. भाऊ, ते मोबाईलमधलं इथे चालणार नाही. इथे मामांचा हात खाली गेल्याशिवाय डाव पुढे जात नाही. आजपर्यंत असंच चाललं ना? ताई, चुकलं तुमचं."

"घाई झाली," मी म्हटलं.

"झाली तर झाली. डाव रद्द करू. टाकलेलं सगळ्यांनी परत घ्या."

"आणि मग?" भाऊंनी विचारलं. "दोघांचे पाच-पाच. भोंगा होतोच आहे. बरोबरी झाली तर नाव कुणाचं देणार? आणि हिचे पत्ते तर सगळ्यांनी बघितले."

तेही खरं होतं. मला दोघांचाही राग आला, भाऊंचा माझी बाजू घेतली म्हणून आणि भाईंचा घेतली नाही म्हणून. मी मामांकडे बघत नव्हते. मी राणीकडे बघत होते.

मग मामांनी चिमटीतले दोन वायसर सावकाश परत आपल्यापुढे ठेवले आणि डाव्या हातातले पत्ते उघडून मांडले. राजा, सत्ता, चौका. रंगही वेगवेगळे. काही म्हणजे काही नव्हतं त्यांच्या हातात.

भाईंनी त्या पत्त्यांकडे बघितलं, मग मामांकडे. मामा खोटं खेळत होते. आयुष्यात पहिल्यांदा, त्या डावात. मामांनी मान खाली घातली होती, चोरी पकडल्यासारखी.

"व्हय," ते म्हणाले. "तिला उठवायची म्हणून चार टाकनार व्हतो. आता सरळ हिशोब हाय. मी चार टाकल्यावर ती थांबली आसती, तर तिची जोडी मोठी, मी तसाबी गेलोच. उठली आसती तर ती गेली. भांडता कशाला? तिलाच इचारा. ती काय करनार व्हती ते तिलाच ठावं. ती म्हनंल ते मला मान्य."

भाईंनी माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्हीच सांगा. मामांचे चार आले असते तर?"

इतकं सोपं होतं ते. मामांनी सगळा डाव उचलून माझ्या पदरात टाकला होता. कुणाकडे पुरावा नव्हता, कुणी तपासणार नव्हतं. मी अठरा वर्षं दुसऱ्यांनी दाबलेल्या ब्रॅकेटवर बरोबर की चूक असे शिक्के मारत आले आहे. सूतभर फरक असला तरी माल बाजूला काढते, त्यावरून लोकांशी भांडते. आणि डोळ्यांपुढे माझा भाऊ आला, अंगणातून आत जाणारा, पाठमोरा.

"थांबले असते," मी म्हटलं.

"नक्की?" भाईंनी विचारलं.

"जोडी होती ना हातात. थांबलेच असते."

भोंगा झाला.

मामांनी मान हलवली. मग मधले सात वायसर माझ्याकडे सरकवायला लागले. दोन, दोन, दोन, आणि शेवटी एक. चार खेपा. प्रत्येक खेपेनंतर त्यांचा हात मागे जात होता आणि मी थांबत होते. आता थांबायला मला बरोबर जमत होतं. साहेबांना नाव द्यायला भाई गेले.

गावी गेले. भावाच्या दारात उभी राहिले. वहिनीने पाट मांडला, मी त्याला ओवाळलं, आणि कुंकू लावताना तो लहानपणी रडायचा तसा रडला. आम्ही दोघंही रडलो. त्या दिवशी मला मिळालं ते खोटं नव्हतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन. जेवताना तो म्हणाला, "मला वाटलं नव्हतं तू येशील. दिली का सुट्टी सहज?"

"दिली," मी म्हटलं. पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

दिवाळीनंतर मामांनी दरवर्षीप्रमाणे डबा आणला. देहूच्या बाजूला त्यांची बहीण दिलेली आहे, तिच्या हातच्या चकल्या. नवरा गेलेली, मूलबाळ नाही, हे त्या दिवशी भाईंनी विचारलं म्हणून आम्हाला कळलं. नियमच तसा होता ना. "पोचलो, पर उशीर झाला," मामा सांगत होते. "मोठ्या कंपनीची गाडीच पाचला आली. गेलो तवर दिवेलागण. सकाळपासनं तिनं तोंडात पानी घेतलं न्हवतं. यडीच हाय." हसत सांगत होते. बोलण्यात माझ्यासाठी काही टोचणं नव्हतं. चकली मी हातात घेतली आणि रुमालात बांधून ठेवली. खाववली नाही.

मग भाऊंनी डबा वाजवला, दहा दहा वायसर दिले, भाईंनी पत्ते वाटले. मामांनी पत्ते बघितले आणि टेबलावर उपडे ठेवले. मला वाटलं, सोडला डाव. पण त्यांनी डावा हात पुढे केला, चार वायसर एका मुठीत घेतले आणि मध्ये ठेवले. एका दमात.

"झालं," ते म्हणाले. तोंडाने.

भाऊ म्हणाले, "वा, मामा! हे बेस." भाई उरलेले पत्ते जुळवत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंधरा दिवस मी ते बघितलं. मग एक दिवस घरी जाताना बसमध्ये मामांच्या शेजारची जागा रिकामी होती. ते मोशीला उतरतात, म्हणजे माझ्याकडे वेळ थोडा होता. बसले आणि एका श्वासात म्हटलं, "मामा, मी उठले असते. तुम्ही चार टाकले असते तर मी उठणार होते. आणि तुमचा हात मला दिसला होता."

मामा खिडकीबाहेर बघत होते. "म्हाईत हाय," म्हणाले.

"कधीपासून?"

"तवाच. तू बोलताना राणीकडं बघत व्हतीस."

"मग बोलला का नाहीत?" मला त्यांचाच राग आला. खरंच आला. "सगळ्यांसमोर म्हणायचं ना, बाई खोटं बोलते म्हणून!"

"मीच म्हनलो व्हतो ना, ती म्हनंल ते मान्य. मान्य म्हनल्यावर मान्य करायचं आसतं." मग म्हणाले, "आन मी तरी कुटं खरं खेळत व्हतो? तुजं काय काम व्हतं त्या दिशी?"

मी सांगितलं. आईचं, अंगणाचं, भावाचं, सगळं. नियम मोडला. मामांनी ऐकून घेतलं. "मिटलं का?" एवढंच विचारलं.

"मिटलं."

"मग झाक झालं," म्हणाले. मोशी आली आणि उतरून गेले.

त्याला आता तीन दिवाळ्या झाल्या. भाऊबीज मी घेते. पहिल्या वर्षी भाई पत्ते काढायला लागले तेव्हा मी म्हटलं, वाटू नका, माझं नाव लिहा. कारण सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. माझा भाऊ आता इकडे येतो, राखीपौर्णिमेला, आणि आमचं चाललं आहे बरं.

पण रोज जेवणाच्या सुट्टीत मामा पत्ते उपडे ठेवतात, डाव्या हाताने वायसर टाकतात आणि "झालं" म्हणतात. एकदा मी म्हटलं, "मामा, टाका की पहिल्यासारखे. थांबते ना मी." ते म्हणाले, "आता ह्याचीच सवय झाली." रागाने नाही म्हणाले.

मी मात्र अजून थांबते. त्यांनी "झालं" म्हटलं तरी पत्त्यांना हात लावत नाही, त्यांचा उजवा हात मांडीवर जायची वाट बघत राहते. मग लक्षात येतं की तो पहिल्यापासून तिथेच आहे, आणि भाई म्हणतात, "ताई, तुमची पाळी."